जिलबीची केदारखेड्याला बदली

मु. पो. वडीगोद्री
रविवार, सकाळचा चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या अप्पाचा वाकून जयभीम. आम्ही सगळे इथे सुखरूप आहोत. तूही केदारखेड्यात तशीच असशील असं धरून चालतो, कारण विचारलं तर तू खरं सांगत नाहीस. गुडघा कसा आहे? मी आणून दिलेलं तेल लावतेस, की कपाटात ठेवून रोज नुसती त्याच्याकडे बघतेस? दाजी गेल्यापासून एवढ्या घरात तू एकटी, तेव्हा दाराची कडी आठवणीने लावत जा. (हे सगळं फोनवर विचारता आलं असतं. पण माझा फोन आला की तू 'कोण, अप्पा का? बरं हाय, ठेवते' याच्या पुढे जात नाहीस. पत्र तुला असं मध्येच ठेवता येणार नाही.)

आता मुख्य मुद्दा, म्हणजे जिलबीची बदली. जिलबी ही आमची कुत्री. शेपूट गोल वळलेलं, म्हणून नातीनं, पायलनं ठेवलेलं नाव. तुझ्या भावजयीचा, म्हणजे प्रभावतीचा, तोंडी आदेश निघाला आहे की जिलबीला येत्या रविवारी तुझ्याकडे कायमची पोचवायची, आणि तसं तुला कळवायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. पोरांना अजून पत्ता नाही. कळल्यावर ती जेवायची नाहीत, आणि मलाही घास जायचा नाही. नोकरीत असताना मी जन्मभर बदलीच्या आदेशाला घाबरलो. पेन्शनीत आल्यावर तो थेट स्वयंपाकघरातून निघाला. तू हो म्हणण्याआधी प्रकरण मुळापासून समजून घे, एवढीच विनंती.

मुळाशी तूच आहेस, राग मानू नकोस. धम्मचक्र दिनाला तू आलीस तेव्हा पोरांसाठी तो कापडी हत्ती शिवून आणलास. निळ्या लुगड्याचा हत्ती, आत तुझ्याच रानातला कापूस, डोळ्यांच्या जागी दाजींच्या सदऱ्याची बटणं. हत्ती देखणा आहे, याबद्दल घरात दुमत नाही. पण नातवंडं दोन आणि हत्ती एक, हे गणित तू कसं मांडलंस? 'भाऊभईण हायेत, मिळून खेळतील,' म्हणालीस. अक्का, आपणही भाऊबहीण होतो. एका भोवऱ्यासाठी तू माझ्या कानाला लोंबकळली होतीस, तो कान अजून थंडीत ठणकतो. प्रितम आणि सूनबाई दोघं पुण्याला कंपनीत, पोरं जूनपासून आमच्याकडे, इथल्याच शाळेत. आर्यन तिसरीत आणि पायल पहिलीत. त्यांच्या बापानं मोठ्या हौसेनं रिमोटवर चालणारी मोटार पाठवली, ती कोनाड्यात धूळ खात उभी आहे. तिच्यावर फक्त जिलबी भुंकते, तेही कर्तव्य म्हणून. बाकी सगळ्यांना हत्तीच पाहिजे.

मी गणिताचा मास्तर. पहिल्याच आठवड्यात तोडगा काढला: विषम तारखा आर्यनच्या, सम तारखा पायलच्या. काही दिवस घरात इतकी शांतता होती की मी शेजारच्या भागवतला ही पद्धत समजावूनही सांगितली. मग ऑक्टोबर संपला. एकतीस तारखेला हत्ती आर्यनकडे होता, आणि दुसऱ्या दिवशी एक तारीख उजाडली, म्हणून पुन्हा आर्यनकडेच. पायल कॅलेंडरसमोर उभी राहून बराच वेळ बघत होती. मग तिनं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, माझ्यासमोर आणून ठेवलं आणि म्हणाली, 'आजोबा, तुमची बेरीज चुकून राह्यली.' पहिलीतल्या पोरीनं. (बेरीज चुकली नव्हती, महिन्याची रचनाच तशी आहे, पण हे तिला पटवायला गेलो तर ती रडायला लागली आणि प्रभावती आतून बाहेर आली.)

मग मी माझा दुसरा अधिकार वापरला. तुला माहीत आहे, मी गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष आहे. बांधावरून एकमेकांचं तोंड न बघणारे सख्खे भाऊ मी एका ताटात जेवायला बसवले आहेत. तेव्हा म्हटलं, रीतसर बैठक घेऊ. ओट्यावर सतरंजी टाकली, दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवलं, हत्ती मध्ये ठेवला. आर्यनचं म्हणणं, अक्काआजीनं हत्ती पिशवीतून काढून आधी त्याच्या हातात दिला. पायलचं म्हणणं, हातात दिला तो फक्त 'धर जरा' म्हणून. दोघांचं ऐकून घेतल्यावर मी निकाल देण्यासाठी घसा साफ केला, आणि तेवढ्यात जिलबी शांतपणे सतरंजीवर आली, हत्ती तोंडात धरला आणि घराच्या मागे निघून गेली. तिच्या चालण्यात कुठेही घाई नव्हती. समितीच्या इतिहासात वादग्रस्त मालमत्ता बैठकीतून अशी उचलून नेण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा.

तेव्हापासून रोजचं झालं. पोरं शाळेत गेली की जिलबी हत्ती न्यायची. पोरं आली की तो हिसकून आणायची, मग आपसात ओढाओढ, एकाच्या हातात सोंड, दुसऱ्याच्या हातात मागचे पाय, आणि मधल्या भागाला धरून जिलबी. एका संध्याकाळी वंदना झाली, पंचशील म्हणून झालं, तेव्हा मी संधी साधली. दुसऱ्या शीलाचा अर्थ विचारला. आर्यननं पाठ सांगितला, न दिलेलं घ्यायचं नाही. म्हटलं, मग आज सकाळी हत्ती कोणी घेतला? तो म्हणाला, 'मी न्हाई. जिलबी घेऊन गेल्ती. तिला कुठं शील दिलंय तुम्ही?' पायलला हे अगदी पटलं. दुसऱ्या दिवसापासून जिलबी वंदनेला बसू लागली. तिच्या गळ्यात हात टाकून पायल तिच्या वतीनं शील म्हणते, आणि जिलबी पंजांवर हनुवटी टेकून डोळे मिटते. (मुख्याध्यापकांच्या भाषणात आमचे सहकारी असेच बसायचे.) शील घेतल्यानंतरही तिनं पहाटे हत्ती नेलाच.

परवा दूध उतू गेलं, कारण प्रभावती ओढाओढ सोडवायला धावली होती. तेव्हा तो आदेश निघाला. 'अक्काकडं पोचवा तिला. घर मोकळं हाय, त्यांना बी...' पुढचं मी ऐकलं नाही, कारण मी चपला शोधत होतो. अशा वेळी मी नेहमीच चपला शोधतो. मी ठरवलं, निदान हत्ती तरी ताब्यात घेऊ आणि काय उरलं असेल ते शिवून टाकू. घराच्या मागे कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग रचलेला आहे, त्याच्या आडोशाला जिलबीची जागा. माझी खात्री होती की कापूस सगळीकडे उडालेला असणार. हातात पिशवीही घेतली होती.

अक्का, हत्तीचा एक टाकासुद्धा उसवलेला नव्हता. जिलबी अंगाचं मुटकुळं करून पडली होती, हत्ती पोटाशी घेतलेला, आणि ती त्याला चाटत होती. आधी सोंड, मग कान, मग ती दाजींची बटणं. पावसाळ्यात तिला तीन पिल्लं झाली होती, त्यातलं एकही जगलं नाही. तेव्हा ती काही दिवस जेवली नव्हती, आणि आम्ही समजलो होतो की विसरली. मी पिशवी पाठीमागे लपवली, आणि वळून बघतो तर पोरं माझ्यामागे येऊन उभी. मग आर्यन हळूच म्हणाला, 'आपण देऊन टाकू का तिला? दिला म्हंजी मंग चोरी व्हत न्हाई.' पायल म्हणाली, असं नुसतं म्हणून चालणार नाही, हातानं द्यावा लागतो. तिनं जिलबीच्या पोटाशी हात घातला. (जिलबी गुरगुरली नाही.) हत्ती उचलला, आर्यनचाही हात त्याला लावून घेतला, आणि परत तिच्यासमोर ठेवला. 'घे. आता तू चोर न्हाईस,' म्हणाली.

माझ्या सम-विषम तारखांनी जे झालं नाही ते पहिली-तिसरीतल्या पोरांनी करून दाखवलं. अर्थात भांडण संपलेलं नाही. आता जिलबीच्या अंगावर पोतं कोणी घालायचं यावर चालू आहे. पण बदलीचा आदेश माझ्या माहितीप्रमाणे कायम आहे. तेव्हा तू जिलबीला ठेवून घेशील का, ते उलट टपाली कळव. तेल लाव.

तुझा,
अप्पाराव

ता. क. वरचा प्रश्न मी सांगितल्यावरून विचारला आहे. उत्तर 'नाही' असं दे. कारण म्हणून कोंबड्या लिही, गुडघा लिही, काहीही लिही. फक्त मोठ्या अक्षरात लिही, प्रभावतीचा चष्मा बदलायचा आहे.

दुसरा ता. क. अक्का, जयभीम. मी प्रभावती. पत्र टपालात टाकायला यांनी माझ्याचकडे दिलं, आणि मला चष्म्याशिवायही वाचता येतं. यांना वाटतं मी हत्तीवरून चिडले. पोरांची भांडणं मला नवीन आहेत का? मागच्या आठवड्यात तुम्ही मला फोनवर म्हणालात, संध्याकाळ झाली की बोलायला कोणी नसतं, म्हणून टीव्ही नुसता चालू ठेवते. ते माझ्या मनातून जाईना. म्हणून म्हटलं होतं की जिलबी तुम्हाला पाठवू, तुम्हाला सोबत होईल. मी ते सांगत होते तेव्हा हे चपला शोधत होते. आता जिलबी काही येऊ शकत नाही, तिच्या अंगावर लेकरू आहे. तिच्या जागी तुम्हीच इकडे या, आणि चार दिवसांसाठी येऊ नका, कपडे सगळे आणा. कोंबड्याही आणा. शनिवारी हे न्यायला येतील. तुमची खाट मी पोरांच्या मधोमध टाकली आहे. तुमच्या कोणत्या अंगाला कोण झोपणार यावरून आत्ताच दोघांचं सुरू झालं आहे. यांनी ते मिटवायला घेतलं होतं, मी घेऊ दिलं नाही. ते तुम्ही येऊन मिटवा.