खांबापाशी थांबणारा हात

शके १६९१, भाद्रपद वद्य ३

लिंबू कापलं, पण खालची मातीही कापली. चांगली चार बोटं खोल!

ओल्या मातीच्या गोळ्यावर लिंबू ठेवून जयसिंगला दांडपट्टा फिरवायला लावला होता. दसऱ्याला शनिवारवाड्यापुढे लिंबू असणार माझ्या तळहातावर. आमच्या तालमीची रीतच आहे — चेल्याचा पहिला हात वस्तादाच्या हातावर. ज्याने शिकवलं त्यानेच भोगावं. रीत घालणाऱ्याला आज मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या.

वद्य ४

दिवसभर पाहत होतो. पट्ट्याच्या लोखंडी खोबळ्यात मनगट बंद असतं, ते वळत नाही. कोपरापासून पुढचा हातच वळवावा लागतो. तेव्हा कुठे पातं आडवं राहतं आणि लिंबातून निघून डाव्या खांद्यामागे जातं. हा गडी लिंबापर्यंत झकास येतो. मग हात मध्येच थांबतो, वळण राहून जातं, पात्याचं टोक खाली झुकतं. आज माती. दसऱ्याला माझी बोटं.

थांबतोस का, म्हणून विचारलं. "मी कुठं थांबतोय, वस्ताद?" म्हणाला. धायरीचा सरळ पोरगा, खोटं बोलत नाही. त्याला खरंच कळत नाही.

वद्य ७

कळलं! चूक माझीच.

अंगणात चिखल म्हणून पावसाळाभर मेहनत आत घेतली. तिथे जयसिंगच्या डावीकडे दोन पावलांवर खांब. पातं खांबाला लागू नये म्हणून हा रोज हात आखडत राहिला. आता अंगणात आलो. खांब आत राहिला, पण याच्या हातातून जात नाही.

मच्छिंद्रला सांगितलं. माझा धाकटा भाऊ. तालमीत हलगी वाजवतो, तीही त्याच खांबाला टेकून. म्हणाला, "तो थांबतो म्हणून तर मी निवांत वाजवतो, दादा." दोघंही हसलो.

अमावास्या

अंगणात, खांब असायचा तेवढ्याच अंतरावर, दोरीला चिंधी टांगली. जयसिंगला म्हटलं, लिंबू विसर. चिंधी फाड. मच्छिंद्रला मुद्दाम लांब, कट्ट्यावर बसवलं.

आश्विन शुद्ध १

एकवीस वेळा फिरवला. चिंधीला चारदाच लागला. माती कापली जातेच आहे.

भीती वाटते. इथे तरी कशाला लपवू? दुसऱ्याचा हात पुढे करावा, तर तोंड कुठे दाखवू! आणि त्याने का भोगावं?

मच्छिंद्रच्या बायकोने, सरुबाईने, कापलेल्या लिंबांचं लोणचं घातलं. म्हणाली, दोन बरण्या झाल्या भावोजी, आता दुसरं काहीतरी कापा. एरवी हसलो असतो.

शुद्ध ५

डावा हात द्यायचं ठरवलं. निदान लिहायला उजवा राहील.

शुद्ध ८

फाटली! सलग नऊदा चिंधी फाटली. हात पुरता वळतो, पातं आडवं, मातीवर रेघसुद्धा नाही. चार चिंध्या संपल्या.

जयसिंग घाम पुसत म्हणाला, "आता थांबवाया गेलो तरी थांबत न्हाई, वस्ताद."

जिवात जीव आला. पाठ थोपटली त्याची.

खंडेनवमी

शस्त्रांची पूजा केली. पट्ट्याला गंधफूल वाहिलं. मच्छिंद्रने हलगीलाही एक फूल वाहिलं. उद्या गर्दीत ठेका जयसिंगला ऐकू गेला पाहिजे, मी जवळच उभा राहतो, असं म्हणत होता. मी हं म्हटलं. माझं सगळं लक्ष डाव्या तळहाताकडे. सारखी मूठ वळत होतो आणि सोडत होतो.

दसरा

लिंबाचे दोन तुकडे झाले. तळहाताला ओरखडा नाही.

जयसिंगचा हात खांद्यामागे पुरता गेला, मी शिकवला तसा. मच्छिंद्र चिंधीच्या अंतरावर उभा होता. सवयीने. जागीच गेला.

हलगी घेऊन मी पुढे घरी आलो. सरुबाई ओवाळायचं ताट घेऊन दारात होती. तिने आधी माझा हात पाहिला. म्हणाली, "वाचलात, भावोजी."