अकरा वाजताचं थेट प्रक्षेपण

३ मार्च, मंगळवार

आज गळ्यात नवीन धोंडा पडला. एकोणीस तारखेला सकाळी अकराला मोठे साहेब सगळ्या कंपनीशी थेट बोलणार आहेत – दोन्ही कारखाने, गोदाम, ऑफिस, सगळे एकदम, ज्याच्या-त्याच्या फोनवर. मनुष्यबळ विभागाच्या बाई स्वतः माझ्या टेबलाशी आल्या. त्या आपली खोली सोडून कुणाकडे गेल्या की समजावं, काहीतरी घाण आहे आणि ती दुसऱ्याच्या हातून काढून घ्यायची आहे.

"नेहमीचं साधं नकोय हं. खास आपल्यासाठी बनवलेलं हवंय."

म्हणजे काय, तर कंपनीचा निळा रंग, कंपनीचं चिन्ह, कोपऱ्यात लाल ठिपका आणि 'थेट' हा शब्द. ठीक. खाली दाबायला फक्त बदाम. अंगठा नको – तो उलटाही करता येतो. लिहायची सोय तर नकोच नको. "लोकांना प्रेम व्यक्त करता आलं पाहिजे," म्हणाल्या. मी विचारलं, दुसरं काही व्यक्त करावंसं वाटलं तर? बाई हसल्या. ते हसू पाहिलं की लहानपणी नाक दाबून पाजायचे त्या गोड औषधाची चव जिभेवर येते.

शिवाय तीस सेकंदांचा उशीर. साहेबांच्या तोंडून भलतंच काही निघालं तर लोकांपर्यंत पोचायच्या आत कापता यावं म्हणून. आणि याला म्हणायचं थेट!

४ मार्च

क्लाउडवर खातं उघडलं, दिवस त्यातच गेला. कॅमेऱ्यातलं चित्र इथून निघून कुठल्या तरी लांबच्या सर्व्हरवर जाणार, तिथे त्याच्या लहानमोठ्या प्रती होणार, आणि ज्याचं नेट जसं तशी प्रत त्याच्या फोनवर उतरणार. दुपारी पहिलं चित्र आलं – माझ्याच टेबलावरचा पाण्याचा ग्लास, तीस सेकंद उशिरा. मी ग्लास उचलला, पाणी प्यायले, ठेवला, आणि मग फोनवर स्वतःचा हात ग्लासाकडे जाताना पाहिला. खरं सांगायचं तर हे काम मला आवडतं. नळ बसवणाऱ्याला नळ आवडतो तसं. आतून काय वाहणार हे मात्र आपल्या हातात नसतं.

६ मार्च, शुक्रवार

काय वाहणार ते आज कळलं.

बाईंनी आत बोलावलं, दार लावलं, एक कागद पुढे सरकवला. गुप्ततेचा. सही केली. मग सांगितलं – एकशे चाळीस माणसं कमी करायची आहेत. म्हणून भाषणं दोन. लिंक सगळ्यांना एकच जाणार, आत शिरताना प्रत्येकाने आपला कर्मचारी क्रमांक टाकायचा. क्रमांक बाईंच्या यादीत असला तर जाणाऱ्यांचं भाषण दिसेल. नसला तर राहणाऱ्यांचं. दोन्ही अकरालाच. दोन्हीवर लाल ठिपका.

मी म्हटलं, साहेबांना तोंड एकच आहे.

"जाणाऱ्यांचं आधी करून ठेवायचं," बाई म्हणाल्या. "त्यात काही खास घडायचं नाहीये ना. राहणाऱ्यांना मात्र ऊर्जा द्यायचीय, ते जिवंतच हवं."

असं बोलताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलत नाही. वर मला चहा पाजला. मी प्यायलेसुद्धा. बाहेर येऊन दोनदा चूळ भरली.

८ मार्च, रविवार

दादाला दुसरीकडून बोलावणं आलंय. शहराच्या पलीकडच्या टोकाला एक कंपनी आहे, तिथे पॅकिंगला सुपरवायझर हवाय. त्यांना शनिवारपर्यंत, एकवीस तारखेपर्यंत उत्तर हवंय. दादा आमच्याकडे पॅकिंगला बावीस वर्षं आहे. मला इथे चिकटवलं ते त्यानेच, साहेबांच्या केबिनबाहेर तीन दिवस उभं राहून. आई गेल्यापासून मी त्याच्याच घरात राहते, मागच्या खोलीत, त्यामुळे या बातम्या मला जेवणाच्या टेबलावरच कळतात.

"बावीस वर्षांत मला कुणी वेडंवाकडं बोललं नाही," दादा म्हणाला. "उगाच कशाला उठून जायचं?"

"तुम्ही कधी कुणाला उलट उत्तर दिलंत, की ते बोलतील?" वहिनी म्हणाली. तिला ती नोकरी हवीय. "वय बघा. परत कोण बोलावणार आहे?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. "तू वरच्या मजल्यावर बसतेस. काय म्हणतेस?"

यादी मी अजून पाहिलेली नाही. मी म्हटलं, वेळ आहे, थांब थोडा. हे खोटं नव्हतं.

११ मार्च, बुधवार

आज जाणाऱ्यांचं भाषण टिपलं. इतकी किळस आयुष्यात दुसऱ्या कशाची आली नसेल.

साहेबांनी आधी शर्ट निवडला – एकोणिसलाही हाच घालायचा, म्हणजे दोन्हीकडे दिवस एकच वाटेल. मग बाईंच्या लक्षात आलं की मागच्या भिंतीवर घड्याळ आहे आणि त्यात सव्वाचार वाजलेत. मी म्हटलं, घड्याळ काढून टाकू. "नको नको, राहू दे, खरं वाटतं." स्टुलावर चढून घड्याळ अकरावर आणलं. कुणी? मीच. आणि प्रत्येक वेळी चुकलं की पुन्हा स्टूल, पुन्हा अकरा. पाच वेळा.

साहेब चुकत होते कारण दुःख नीट जमत नव्हतं. "तुम्ही माझी माणसं आहात" या वाक्यावर आवाज खाली यायला हवा होता, तो वर जायचा. चौथ्यांदा जमलं, पण शिंक आली. पाचव्यांदा एकदम फक्कड. संपल्यावर मला विचारतात, "डोळ्यांत पाणी दिसलं का?" मी म्हटलं, दिव्यांमुळे दिसतंय थोडं. खूश झाले. "दिवे असेच ठेव."

दिवे असेच ठेवले आहेत.

१२ मार्च

बाईंचा निरोप – साहेबांचं दुःख छान आलंय, शेवटी जरा संगीत टाकता येईल का.

टाकलं.

१६ मार्च, सोमवार

यादी आली. नावं आणि क्रमांक. वाचायची नाही, नुसती चढवायची, असं ठरवून बसले होते. दादा अडतिसावा आहे.

दार लावून बाथरूममध्ये बसून राहिले. बाहेर हात कोरडे करायचं यंत्र घोंघावत होतं. मग परत येऊन यादी चढवली, कारण ते माझं काम आहे.

बाईंनी आठवण करून दिली – यादी फक्त चौघांकडे आहे, फुटली तर पहिलं बोट कुणाकडे जाईल ते तुला वेगळं सांगायला नको. इतकं गोड आवाजात धमकावणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

घरी येताना मनात हिशोब मांडला. गुरुवारी साडेअकराला दादाला कळणारच. त्याचं उत्तर शनिवारी जायचंय. मध्ये दोन दिवस आहेत. तो भाषण ऐकेल, हादरेल, आणि शनिवारी तिकडे हो म्हणेल. मग मी आत्ता तोंड उघडून माझीही नोकरी कशाला घालवू? असं म्हटल्यावर जेवण गेलं. वहिनीने विचारलं, कामाचा ताण आहे का? हो म्हटलं.

१८ मार्च, बुधवार

उद्याची शेवटची चाचणी. वीसेक क्रमांक टाकून पाहिले. नव्या लोकांचे बरोबर चालले. मग दादाचा टाकला – ००४१७. राहणाऱ्यांचं भाषण आलं!

पुन्हा टाकला. तेच.

पाच मिनिटांत कळलं. जुन्या लोकांचे क्रमांक शून्याने सुरू होतात, आणि बाईंनी यादी संगणकावरच्या ज्या तक्त्यात केली त्याने पुढची शून्यं खाऊन टाकलीत. त्याच्या लेखी तो साधा आकडा, पुढची शून्यं बिनकामाची. यादीत दादा नुसता ४१७ आहे. ००४१७ नावाचं कुणी जाणारं नाहीच. असे त्रेपन्न जण आहेत, सगळे पंधरा-वीस वर्षांपूर्वी लागलेले. बाईंनी एक नजर टाकली असती तरी दिसलं असतं, पण माणसांच्या यादीवर नजर कोण टाकतं?

दुरुस्ती दोन मिनिटांची.

मी केली नाही. इथे खरं लिहायचं तर लिहिते. एक, चूक त्यांची आहे. त्यांची घाण मी किती दिवस निस्तरू? दोन, साहेब जुन्या लोकांना सगळ्यांदेखत 'तुम्ही राहणार' म्हणतील आणि मग स्वतःच्या शब्दात अडकतील. अडकू देत, मजा बघू. आणि तीन – दादाने ते घड्याळ बघू नये. ते पाचव्यांदा जमलेलं दुःख, ते माझे दिवे, ते संगीत. बावीस वर्षांनी त्याला हे कळायचंच असेल तर माणसाच्या तोंडून कळू दे. उद्या साडेअकरानंतर गुप्तता संपते. संध्याकाळी घरी गेल्यावर मी स्वतः त्याला शेजारी बसवून सांगेन. शनिवार कुठे पळून जातोय.

बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

१९ मार्च, गुरुवार

सगळं बिनचूक पार पडलं. एकदाही चित्र अडकलं नाही. साहेब अर्धा तास बोलले. "आज हे ऐकणाऱ्या एकाही माणसाला मी सोडणार नाही." बदामांचा पाऊस पडला – माझ्यासमोर आकडा पळत होता. बाईंनी पाठ थोपटली. पाठीला हात लागल्यावर अंगावर काटाच आला.

जाणाऱ्यांच्या भाषणाखालचे बाईंनी बदाम काढायला सांगितले नव्हते. तिथेही अकरा जणांनी दाबले. चुकून दाबले असतील. दुसरं काही दाबायला नव्हतंच.

सहाला घरी पोचले ती बोलायची तयारी करूनच. दादा माझ्याआधी आलेला. शर्टाच्या बाह्या वर करून कांदा चिरत होता, म्हणजे स्वारी खुशीत.

"नव्या लोकांचं वाईट झालं गं," म्हणाला. "माझ्या टेबलावरची ती एक, दोन वर्षांपूर्वी लागलेली, घरात कमावणारी एकटी – शेडच्या मागे बसून रडत होती. पण जुन्यांना हात लावला नाही बघ. साहेब स्वतः म्हणाले."

मी म्हटलं, दादा, जरा बस, बोलायचंय.

"थांब, आधी माझं ऐक. तिकडे मी दुपारीच फोन करून टाकला. म्हटलं, मला नको, पण माझ्याकडे एक बाई आहे, काम येतं, तिला घ्या. त्यांनी तिला लगेच बोलावलं, चारला पक्कंही झालं. शनिवारपर्यंत त्या लोकांना ताटकळत कशाला ठेवायचं?"

वहिनीने भांडी जरा जोरात ठेवली, एवढंच.

"हं, तुझं काय?" दादा म्हणाला.

मी म्हटलं, काही नाही, थकले आहे.

२० मार्च, शुक्रवार

पत्रं गेटवर दिली. आतही घेतलं नाही. खिडकीतून दिसत होतं – पहारेकरी नाव वाचतोय, माणूस पुढे होतोय, पाकीट घेतोय. नवे लोक तयारीनिशी आले होते, पाकिटं घेतली आणि गेले. जुने हसत उभे होते. त्यांना वाटत होतं, बाकीच्यांची पत्रं वाटून होईस्तोवर आपल्याला थांबवलंय. दादाचं नाव आलं तेव्हा तो पुढे झालाच नाही. दुसरं कुणी असेल म्हणून मागे वळून पाहिलं. पहारेकऱ्याने पुन्हा वाचलं.

एकाने फोन काढून पहारेकऱ्याला कालचं भाषण दाखवायला घेतलं. तो बिचारा काय बघणार.

बाईंनी बोलावलं. जुन्यांना राहणाऱ्यांचं भाषण कसं दिसलं? मी सांगितलं, तुमच्या तक्त्याने शून्यं खाल्ली. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. त्यांनी कपाळाला आठी घातली आणि म्हणाल्या, "अय्या. बरं, पत्रं तर मिळाली ना सगळ्यांना?" आणि साहेबांचा शब्द? साहेब अडकले वगैरे काही नाहीत. सकाळीच परदेशी गेलेत. भाषण क्लाउडवरून काढून टाक, असा निरोप ठेवून. काढून टाकलं. एका बटणाचं काम.

सतरा दिवस या वहीत मी सगळ्यांवर नाक मुरडतेय. बाई, साहेब, घड्याळ, बदाम. बुधवारी दोन मिनिटं माझ्या हातात होती. दादाने ते घाणेरडं भाषण ऐकलं असतं तर आज त्याला नोकरी असती. मला त्याला वाचवायचं होतं म्हणे! मला ती मजा बघायची होती, हे जास्त खरं आहे. आज शिसारी येतेय ती बाईंची नाही.

दादा घरी येऊन पाकीट न उघडता ओट्यावर ठेवून बसला. वहिनी एकदाच म्हणाली, "तिकडे परत विचारून बघा." त्याने मान हलवली. "त्या बाईच्या पोटावर पाय देऊ?"

२१ मार्च, शनिवार

सकाळी चहा घेताना दादाने विचारलं, "तुला यातलं काही माहीत होतं का गं?"

मी म्हटलं, नाही.

त्याला लगेच पटलं.