न कापलेल्या पानांचा सारांश

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त भाषाशिक्षिका, एकतीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयाच्या किल्ल्या सांभाळलेली बाई, कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. गुडघे गेले, डोळे अर्धे गेले, डोकं अजून जागेवर आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी उगाच अटी घातल्या होत्या.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या मुलीला. माझा जुना कुकर ती फेकून देईल. देऊ दे.

२. कोणत्या वर्गाने महिन्यात किती सारांश लिहिले, ते दाखवणारा लाकडी तक्ता आमच्या मुख्याध्यापकांना साभार परत. निरोपाला त्यांनी मला तोच दिला होता, दुसरं काही सुचलं नसावं. त्या तक्त्यापायी मी नियम केला: पुस्तकावर एक पान सारांश, खाली तात्पर्य, मगच दुसरं पुस्तक. नियम माझाच होता, तो त्यांच्या माथी मारत नाही.

३. माझी पुस्तकं, दोन्ही कपाटांसकट, शाळेच्या शिपाईमामांना. मामा रोज डबा खाऊन बाकावर वाचत बसायचे. अख्ख्या शाळेत आवडीने वाचणारा हा एकच माणूस, कारण त्याला कधी कुणी तात्पर्य मागितलं नाही. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला निवृत्त व्हावं लागलं.

४. मुलीची सातवीची सारांशवही, एक पुस्तक आणि कागद कापायचा चाकू मुलीलाच.

याचा खुलासा करते. ती माझ्याच वर्गात होती. वहीत चाळीस सारांश, प्रत्येकाला दहापैकी दहा. गेल्या वर्षी शाळेने रद्दीत काढलेली पुस्तकं मी घरी आणली. त्यातल्या एकाची पानं कडेने जोडलेलीच होती, छापखान्यातून आली तशी. ते कुणी उघडलेलंच नव्हतं. आत कार्डावर एकच नाव, माझ्या मुलीचं. वहीत त्याचा झकास सारांश, तात्पर्यासह.

मी तिला विचारलं, "अगं, हे तू वाचलंच नव्हतंस?"

ती भाजी चिरत होती. "नाही. मागच्या पुठ्ठ्यावरच्या मजकुरावरून ठोकून दिलं. आणि आई, तू तरी कुठे वाचलं होतंस?"

खरंच वाचलं नव्हतं.

"आधी मी पांघरुणात वाचायचे," ती म्हणाली. "तुझ्या वहीनंतर पुस्तक धरलं की आधी तात्पर्यच शोधायचे. मग सोडूनच दिलं."

त्या दिवसापासून मला फार थकल्यासारखं झालं आहे. परक्यांच्या किती पोरांचं असं झालं, ते मोजायची ताकद नाही. मुलीची मात्र मी माफी मागते.

५. नातीने काही वाचलं तर 'काय शिकलीस?' असं कुणीही विचारू नये.

६. त्या पुस्तकाची पहिली बत्तीस पानं मी कापून वाचली. छान आहे गं. पुढची तुझ्यासाठी जोडलेलीच ठेवली आहेत. वाचलंस तर वाच. नाही वाचलंस तरी घर तुझंच आहे.

सही: आई

साक्षीदार: १. शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही) २. कोपऱ्यावरचे शिंपी (सही)

ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला बसू नये, असं वकील म्हणाले. म्हणून शिपाईमामा बाहेर वाचत बसले आहेत.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली. दिनांक ७ जून, दुपारी चार.