टॉवेलातली अन्नपूर्णा

माय, तुझे गुडघे कसे आहेत? तिकडं शेकायला तापलेली वीट तरी मिळते का? अण्णांचा खोकला थांबला, की अजून पहाटे विडी ओढून सगळ्यांना उठवतात? आपली धाकटी तापात गेली तेव्हा तिला नीट बसताही येत नव्हतं. ती आता चालायला लागली का गं, की तिकडं लेकरं आहेत तेवढीच राहतात? आणि आमचे हे तुमच्याकडं आले त्याला पाच-सहा वर्षं झाली. त्यांच्या साखरेकडं लक्ष असू दे. गुळाचा डबा वर ठेव. सासू म्हणून तुझ्यापुढं मान खाली घालतील, पण तुझी पाठ वळली की खडा तोंडात.

मी बरी आहे असं लिहिणार होते, पण तुझ्यापुढं कशाला खोटं? मी समुद्रावर आलेय. म्हणजे समुद्र खाली आहे आणि मी वर, डोंगरउतारावरच्या एका हॉटेलात. जन्मभर हर्सूलचा तलाव पाहिलेल्या बाईला समुद्र दाखवायचा म्हणून लेक आणि सून मोटारीनं घेऊन आले. खाली किनाऱ्यावर नुसती जत्रा भरलीय. गाणी, भजी, घोडागाडी, पाण्यावर भुर्रकन पळणाऱ्या होड्या. वर मात्र इतकं शांत की काजूचं पान गळलं तरी ऐकू येतं. "शांत आहे म्हणूनच घेतलं, आई, तुझ्यासाठी," असं लेक म्हणाला. खाली जायला चिऱ्याच्या उंच पायऱ्या, नाहीतर वळणावळणाचा घाट. पायऱ्या माझ्या गुडघ्यांना झेपत नाहीत (गुडघे तुझेच दिलेस, आणखी काय देणार होतीस!) आणि मोटार लेकाच्या हातात. पहिल्या दिवशी मला खाली नेलं तर वाळूत पाय रुतले, दोघांनी काखेत हात घालून उपसून काढलं. तेव्हापासून मी गॅलरीत. खोलीचं दार आतून उघडतं, कुणी कोंडलेलं नाही. पण उघडून जायचं कुठं? घरी ओट्यावर बसलं की येणारीजाणारी म्हणते, "काय मावशी, झाली का भाकरी?" इथं समोर नुसतं पाणी. त्याला काय सांगणार, भाकरी झाली म्हणून?

आता मुख्य गोष्ट. आलो त्याच संध्याकाळी गुडघ्याचं तेल शोधायला मी मोठी बॅग उघडली. ती सुनेनं भरली होती. वर साड्या, खाली माझे हिवाळ्यातले स्वेटर. एवढ्या घामाच्या गावाला स्वेटर कशाला, असं म्हणतेय तोवर टॉवेलाची गुंडाळी हाताला लागली. सोडली तर आत खंडोबाचा टाक, बाळकृष्ण आणि तू लग्नात दिलेली अन्नपूर्णा. माय, समुद्र बघायला कुणी देव घेऊन जातं का?

सुनेला विचारलं तर म्हणाली, "घर बंद राहणार ना आई, देव पारोसे राहिले असते."

"किती दिवस बंद राहणार?"

तिनं नवऱ्याकडं बघितलं. लेक म्हणाला, "इथून आपण पुण्याला जातोय, आई. तुझी खोली तयार केलीय. अकरावा मजला, लई भारी वारा येतो."

"आणि हर्सूल?"

"तू आधी चल तर."

त्याचं अगदीच चुकलं असंही नाही गं. गेल्या थंडीत मी न्हाणीत घसरले. शेजारीण हाका मारमारून थकली, मग तिनं दार मोडवलं. लेक पुण्याहून धावत आला आणि माझ्या पलंगाजवळ खाली जमिनीवर झोपला, लहानपणी झोपायचा तसा. त्या भीतीनंच त्यानं मला न विचारता उचललंय. मांजर पिल्लाला मानेला धरून नेतं, तसं. त्यात माया असते, पण पिल्लाचे पाय हवेतच असतात.

सून भली पोर आहे. टीव्हीखालची फळी पुसून म्हणाली, "इथं बसवा देव." मी नाही बसवले. देव बसले की आपणही बसलो, हे तुला सांगायला नको. रोज टॉवेलाला बाहेरूनच हात जोडते.

लेक दुपारी खालून येतो. शहाळं आणतो, पलंगाच्या कडेवर बसतो, "जेवलीस ना? झोप लागली ना?" विचारतो आणि हळूच घड्याळाकडं बघतो. काल एकदम ओळख पटली. अगं, ही तर मुलाखत! आपल्या हर्सूलच्या जेलच्या दारावरच्या पाटीवर मी पहिल्यांदा वाचायला शिकले तो शब्द. तू समोर लिंबाखाली चूल मांडायचीस, मुलाखतीला आलेल्या कैद्यांच्या नातेवाइकांना चहा, भाकरी, पिठलं द्यायचीस, आणि मी पाटीखाली बसून आल्यागेल्याला एकेक अक्षर विचारायचे. तीच माझी शाळा.

या हॉटेलच्या फाटकावर 'पुन्हा या' असं लिहिलंय. ते वाचलं आणि मला तुझं उलथनं आठवलं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. एक बाई कडेवर लेकरू घेऊन जेवून उठली. मला वाटलं, आपण लई शहाण्या. म्हणाले, "परत या बरं का मावशी!" ती जागच्या जागी थिजली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. ती गेल्यावर तू उलथनं फेकलंस, ते माझ्या पोटरीला लागलं. "भवाने, ती काय उरुसाला आली व्हती? हितं परत यायची पाळी वैऱ्यावर पन येऊ नाय. हितल्या मानसाला 'नीट जा' म्हनायचं." तेव्हा कळलं, सगळ्या मुलखात माणसं 'येतो' म्हणून निघतात, तुझ्या चुलीपाशी मात्र 'जातो माय' म्हणायची. आणि तू त्यावर खुश व्हायचीस.

ती सवय जिभेला अशी लागली की माझ्या लग्नात घोटाळा झाला. सासरची, बिडकीनची बैलगाडी दारात उभी, सगळ्या बाया रडतायत, आणि मी तुझ्या गळ्यात पडून म्हणाले, "जाते माय." तू माझ्या तोंडावर हात ठेवलास. पिठाचा वास होता त्याला. "येते म्हन. ज्या दाराला येते म्हनलं, तिथं यावंच लागतं मानसाला." मी येते म्हणाले आणि तू ही अन्नपूर्णा माझ्या ओटीत घातलीस. मी आलेच ना गं? यांना शहरात काम लागलं, आपण हर्सूललाच दोन खोल्या बांधल्या. नव्या भिंतींना रोज पाणी तूच मारायचीस, पदर खोचून, गवंड्याला शिव्या देत.

आज लेक शहाळं घेऊन आला तेव्हा मी म्हणाले, "पुण्याला चलते. पण आधी हर्सूलला ने."

"आता काय राहिलं तिथं?"

"तू कुलूप लावत होतास तेव्हा उंबऱ्याला हात लावून मी येते म्हणाले. घराला खोटं बोलून मी कुठं जायची नाही. एकदा तिथं उभी राहून जाते म्हणू दे, मग ने कुठं न्यायचं तिथं."

"आई, तू पण ना! घराला काय कळतंय?"

"तुला कळतंय ना?"

त्या दारातून तोही आजवर 'येतो' म्हणूनच निघालाय. शाळेला, कॉलेजला, नोकरीला. शहाळं खाली ठेवून तो उठला. मग बायकोला हाक मारली, "अगं, उद्या पुण्यात थांबायचं नाही. थेट हर्सूल. आईला घराचा निरोप घ्यायचाय."

"अहो, एवढं पुढं जाऊन पुन्हा मागं यायचं?"

"यायचं."

डोळे पुसत खाली गेला बिचारा. त्याला वाटलं, आई तयार झाली. आणि मी इथं तुला लिहीत बसलेय. माय, त्याला सांगितलं नाही ते तुला सांगते. उंबऱ्यावर उभी राहून 'जाते' म्हणायचा माझा काडीचा विचार नाही. कुलूप उघडलं की आधी देव धुऊन बसवायचे, मग चूल. पुढचं पुढं.

पत्राला पेटी कुठली? अन्नपूर्णेच्याच टॉवेलात ठेवून देते. पण तू उत्तर लवकर दे. लिहिता येत नाही ही सबब सांगू नकोस, आमच्या यांच्याकडून लिहून घे. त्यांचं अक्षर चांगलं आहे आणि तेवढा वेळ गुळापासून लांब राहतील. आणि पत्ता बदललाय असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. हर्सूललाच टाक.