पान एकसष्टवरची पेन्सिल

४ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. ही वही कुणीही वाचायची नाही. जागा: कपाटात, स्वेटरखाली.
वाचनालयातून जाड तपकिरी पुस्तक आणलंय. जुन्या काळचे स्वयंपाकावरचे निबंध. नुसतं अंडं उकडण्यावर सात पानं! पावाच्या कडेवर अकरा! वाचताना थेट पाचवीच्या वर्गात जाऊन बसलो. गुरुजी कविता चालीवर म्हणताहेत, बाकावर ऊन आलंय आणि डबा अजून उघडायचा आहे. हे सुख जेवणात नाही. जेवण संपतं.
संकल्प: रोज एक निबंध हिला मोठ्याने वाचून दाखवणे. चाळीस वर्षं रांधते आहे बिचारी, त्यातलं काव्य तिला कुणी समजावलंच नाही.

५ मार्च
ग्रंथपाल बाईंना सांगितलं, या पुस्तकावर येत्या रविवारी व्याख्यान देतो. विषय: रांधण्यातील काव्य. बाई म्हणाल्या, द्या की, पण काही चाखायला ठेवलंत तर माणसं येतील. म्हटलं, पान एकसष्टवरचं कांद्याचं सूप मी स्वतः करून आणीन.
घरी सांगितलं. ही म्हणाली, अहो, गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरवतात ते तरी ठाऊक आहे का?
मत्सर. समजू शकतो.

६ मार्च, दुपार
भयंकर प्रकार. पुस्तकात कुणीतरी पेन्सिलीने लिहितंय! काल नव्हतं, आज आहे. लेखक म्हणतो, परतलेल्या कांद्याचा सुवास माझ्या अभ्यासिकेत दरवळतो आणि मी धन्य होतो. कडेला बारीक अक्षरात: ‘दरवळणारच. स्वयंपाकघरात दुसरं कुणीतरी उभं आहे ना.’
काय हा अरसिकपणा! घरात माझ्याखेरीज वाचणारं कोण? ही असते, पण तिला वेळ कुठला.
संशय: वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क. रोज पेपर मागायला येतात. व्याख्यानाचं सांगितलं तेव्हा चेहरा पडला होता.

७ मार्च
हेडक्लार्कांच्या अक्षराचा नमुना मिळवला. शाळेतली एखादी कविता लिहून द्या म्हटलं. म्हणाले, मला पाढे आठवत नाहीत, कविता कुठून आणू? शेवटी ‘पेपर उद्या परत करतो’ अशी चिठ्ठी लिहून घेतली.
अक्षर अजिबात जुळत नाही. म्हणजे मुद्दाम बदललंय. मुरलेला माणूस.

८ मार्च
पान एकसष्ट. नवा शेरा: ‘इथवर वाचलं की यांना चहा लागतो.’
अंगावर काटा आला. खरंच लागतो! म्हणजे हेडक्लार्क वरून कानोसा घेतात. आजपासून खिडकी बंद करून वाचन. ओट्यापाशी हिला फार उकडलं. चहा दोनदा मागितला, पण खुणेने.

९ मार्च
पुस्तकावर चष्म्याचं घर तिरकं ठेवून फिरायला गेलो. परत येऊन पाहतो तर सरळ! हिला विचारलं, कुणी आलं होतं? म्हणाली, कोण येतंय, मीच तर होते घरात. म्हणजे हेडक्लार्कांकडे आपल्या घराची किल्ली आहे. कुलूप बदलणे.
आणखी एक शेरा: ‘पाणी घालायचं हा बाबा लिहायलाच विसरलाय. कांदा लाल झाला की लगेच उकळतं पाणी, नाहीतर पातेलं गेलं.’
सापळा! माझं सूप नासवायचा डाव. एवढा मोठा लेखक पाणी विसरेल होय? उद्या रंगीत तालीम. पाण्याचा थेंब घालणार नाही.

१० मार्च
कांदे चिरताना घळाघळा रडलो. हिने चष्मा पुसून दिला. पातेलं चढवलं. ढवळता ढवळता पाचवीची नदीची कविता आठवली, चार कडवी चालीवर म्हटली. पाचवं आठवेना म्हणून खुर्चीत बसून डोळे मिटले. आठवलं तेव्हा धूर झाला होता.
पातेलं काळं ठिक्कर. दोष कांद्यांचा.
हिने दुसरं, मोठं पातेलं काढलं. मी निक्षून सांगितलं, जळकं पातेलं मीच घासणार. उद्या.

११ मार्च, संध्याकाळ
व्याख्यान झालं. चोवीस माणसं. सुरुवातीला गुरुजी, ऊन, डबा. मागच्या रांगेत जांभया. मग मी हुकमी पान काढलं. पुस्तक उंच धरलं, म्हटलं, या पवित्र ग्रंथाची विटंबना करणारा इसम याच सभेत बसला आहे! आणि त्याला लाज वाटावी म्हणून सगळे शेरे खणखणीत आवाजात वाचले.
लोक हसून हसून वाकले. चहाच्या शेऱ्याला टाळ्या. सगळ्यात जास्त हेडक्लार्क. मी म्हटलं, निर्लज्ज.
बाई उठून पुस्तकाचं कार्ड घेऊन आल्या. माझं कार्ड हरवून कैक वर्षं झाली, तेव्हापासून पुस्तकं हिच्या कार्डावर येतात. त्यावर हिची सही. तेच बारीक अक्षर.
हे अक्षर मी पाहिलंच नव्हतं असं नाही. वाण्याच्या यादीवर असायचं. यादी मी वाचत नसे, दुकानात नुसती द्यायचो.
लोक म्हणाले, वहिनी, तुम्हीच बोला. ही म्हणाली, मला मेलं बोलता कुठे येतं, आणि पाऊण तास बोलली. मी सुपाच्या वाट्या फिरवल्या. हेडक्लार्कांनी तीनदा घेतलं. सूप उत्तम होतं. पाणी होतं त्यात.
अर्थात मला पहिल्यापासून अंदाज होताच.

१२ मार्च, सकाळ
वही काढायला गेलो. स्वेटरची नीट घडी घातलेली. मी घडी घालत नाही.
दहा तारखेच्या नोंदीशेजारी पेन्सिलीने: ‘कांद्यांचा काही दोष नव्हता. पातेलं अजून तसंच पडलंय.’
घासायला चाललो.