चिठ्ठी लिहिणारी आई

शिकागो, ९ नोव्हेंबर १९५३
लागले बाई एकदाची कामाला! पेल्टन अँड राइस या मोठ्या दुकानाच्या शोकेस खात्यात, माणसाएवढ्या बाहुल्यांच्या कपड्यांवर. सीडर रॅपिड्सला लोकांचे पडदे शिवून डोळे फुटायची वेळ आली होती. लेकीला, व्लास्ताला, बोझेना मावशीकडे ठेवलंय. सात वर्षांची पोर, पण निघताना रडली नाही, उलट मलाच दम दिला की फाटके मोजे घालून फिरू नकोस. तिनेच लाल लोकरीने रफू करून दिलेत, वेडेवाकडे. तेच घालून आले. १९ डिसेंबरला मावशी तिला घेऊन येईल, मग आम्ही दोघी इथेच राहायचं. मी दुकानाच्या दाराशी उभी असेन, असं तिला कबूल केलंय.

आमचे साहेब मिस्टर हाल्वोरसन, सत्तरीचे, बोलतात कमी, गुरगुरतात जास्त. त्यांचे नियम दोनच. शोकेसमध्ये बूट नाहीत, नुसते मोजे, नाहीतर कापसाच्या बर्फावर ठसे उठतात. आणि आत असताना पडदा वर गेला, तर असाल तसे थिजायचं, तो खाली येईपर्यंत. बाहेरच्या पोरांना माणूस दिसता कामा नये. बाहुल्या हलवणाऱ्या मोटरी सांभाळणारा गस म्हणाला, एकदा तो शिंक दाबून तासभर उभा होता, म्हातारा साधं 'शाबास' म्हणाला नाही.

१६ नोव्हेंबर
यंदाचा देखावा घरातला आहे. कुत्रा शेपूट हलवतो, बाप पाईप ओढतो, आई मेजाशी बसून सांताला चिठ्ठी लिहिते. लाकडी घोडा डुलतो, पण त्याच्यावरची मुलगी अजून यायचीय. साहेब म्हणतात, येईल नाताळच्या आत.

आईच्या बाहुलीला झगा चढवताना मला हसू फुटलं. तिच्या पायात रफू केलेले मोजे! कुणाचे म्हणून विचारलं तर गसने खांदे उडवले.

व्लास्ताला पत्रात थिजायचा नियम लिहिला. मावशीचं उत्तर आलं की पोरगी आता दिवसभर तोच खेळ खेळते, जेवायला हाक मारली तरी हलत नाही, तूच ये आणि सोडव हिला. किती हसले मी!

२१ नोव्हेंबर
आज उद्घाटन आणि सकाळीच आईचा हात कोपरातून तुटला. बाहेर फुटपाथवर ही गर्दी! साहेब रडकुंडीला आले होते. मीच म्हटलं, द्या तो झगा इकडे, मी बसते. पावडर फासून बसले, मोटर लावल्यासारखा हात डावीकडून उजवीकडे नेत राहिले. कोऱ्या कागदावर काय गिरवायचं, म्हणून ही वहीच ठेवली. कुणाला कळलं नाही! साहेब चक्क हसले. म्हणाले, पोरी, उपजत अंग आहे तुझ्यात. मी आपली फुगले.

३० नोव्हेंबर
बाहुलीच्या हाताचा सुटा भाग आला नाही. रोज मीच बसते. हात दमू नये म्हणून गसने मनगट मोटरच्या दांड्याला बांधून दिलंय. संध्याकाळी मोटर बंद झाली की बोटं उघडायला वेळ लागतो. मानही. आज कोलाचे, आपले ते गोड पाव, आणले होते, पण चावता येईना.

मोडकी बाहुली मागच्या खोलीत पडलीय. तिच्यासमोरचे जुने कागद आज चाळले. मला वाटलं होतं, नुसत्या रेघोट्या असतील. सगळ्या पानांवर एकच ओळ आहे, वाकड्या अक्षरात: मला उठवा.

उद्या साहेबांना स्पष्ट सांगणार. बस झालं.

४ डिसेंबर
सांगायला सकाळी तोंड उघडायला गेले. उघडलंच नाही.
गसने मनगटाचा पट्टा काढला. हात चालूच.

९ डिसेंबर
घरी गेले नाही. पाय उठत नाहीत. मोटर चालू असते तेवढाच हात हलतो, तेवढंच लिहिता येतं. पान संपलं की साहेब येऊन उलटतात. वाचत नाहीत.

गस साहेबांना विचारत होता, ती नवी बाई कुठे गेली. साहेब म्हणाले, बाहेरगावच्या बायका, टिकतात थोड्याच, गेली असेल पोरीकडे. गस म्हणाला, भली होती हो, सांगून तरी जायचं. मग त्याने माझ्या कोपरात तेल घातलं.
गस, माझ्या डोळ्यांत बघ ना रे —

१४ डिसेंबर
बापाचा पाईप धरलेला हात. नखं वाढलीयत त्याची.
पाच दिवस राहिले. व्लास्ता येईल. मावशी चौकशी करेल. शोधतील मला.

१९ डिसेंबर
आली! निळी टोपी. काचेला नाक लावलंय. मावशी दारवानाशी भांडतेय. तो सांगतोय, ती काम सोडून गेली.
व्लास्ता, खाली बघ. माझे पाय बघ —
बघितलं! लाल लोकर! काच बडवतेय. ओरडतेय, ती माझी आई आहे. लोक हसतायत.

दुपार. दुरुस्तीसाठी पडदा खाली. मोटर चालू.
मागचं दार उघडलं. साहेब. व्लास्ताचा हात धरून. मावशी सोबत नाही. केवढं गोड बोलतायत. म्हणतायत, आईला भेटायचंय ना, मग बूट काढ.
काढले तिने.
नको. व्लास्ता, नको, पळ —
बाही ओढतेय माझी. आई, आई म्हणतेय. हात गरम आहे तिचा.

घोड्यावर बसवलं तिला. म्हणाले, पडदा वर जाणार. आता काय करायचं, ठाऊक आहे ना?
मान हलवली तिने. शहाणी माझी. मीच शिकवलं. मीच —
घंटा झाली.
उजेड. पडदा वर —
व्लास्ता, थिजू नकोस. खेळ नाही हा. हल, राणी, पाय हलव, डोळा तरी — हल — ह