दोऱ्याच्या गावात डिंक

माढा,
ता. ४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. पूनमला सासूचे अ. उ. आ.

फोनवर बोललं की सगळं घर कान देतंय, म्हणून लिहिते. डोळ्यांवर लोंबणारी तुझी कातडी कापून डॉक्टर टाक्याऐवजी डिंक लावणार, असं माझा युवराज म्हणला. वा गं वा! सोलापुरात जिकडंतिकडं माग, आन् डॉक्टरला चार टाक्यांपुरता दोरा मिळंना व्हय? सांग, हितनं रीळ धाडते. चपलेला लावत्यात ते सुनेच्या डोळ्याला! पापण्या चिकटून बसल्या म्हंजे? मला लई भ्या वाटतंय.

आन् तुझं अडलंय काय? नजर वर न करणारी सून म्हणून गावात नाव हाय तुझं. धुळाभावजींबरोबर तूप धाडलंय, जखमेवर चोळ.

लोभ हाय तसा राहू दे, डोळेबी.
तुझी आत्या, सारजाबाई

सोलापूर,
ता. २२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यांना पूनमचा शि. सा. न.

ऑपरेशन झालं. दोऱ्याचा तुटवडा नव्हता. कडा जुळवून हा डिंक लावला की टाके काढायला परत यावं लागत नाही, तो आपोआप गळून पडतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चपलेचा नव्हे ना, हे तुमच्या वतीने दोनदा विचारून घेतलं. तेलातुपाने तो सुटतो म्हणे, म्हणून तुमचं तूप भाकरीवर चोळलं. जखम उत्तम, वजन वाढलंय.

अडलंय काय, विचारलंत. आत्या, मी कारखान्यात टॉवेल तपासते. एका हाताने टॉवेल, दुसऱ्याने भुवई वर धरून. विणीतला दोष दोनदा नजरेतून सुटला, तेव्हा पुन्हा सुटला तर घरी बसा, असं मुकादमाने बजावलं होतं. घरी बसून नजर खाली ठेवायची नोकरी मला नको होती. परवापासून कामावर जातेय, दोन्ही हातांनी. येऊन बघा तरी.

टोमण्यांसकट लोभ असू द्यावा.
आपली पूनम

माढा,
ता. ९ मार्च २०२५

चि. सौ. पूनमला अ. उ. आ.

तुला बघून आले. कापल्याची खूण हुडकून दमले, नाव ठेवायला जागाच ठेवली न्हाईस, लई राग आला. आन् माझ्याकडं टक लावून काय बघत होतीस गं? तुझी नजर माझ्या धाकानं खाली हाय, असं गावभर सांगत होते मी. आता बायकांना काय सांगू?

येताना एसटीची पाटी दिसंना. बोटानं भुवई उचलली, तवा दिसली. घरी आरशात बघितलं, तर माझी कातडी तुझ्यापरीस जास्त लोंबतीया. लई वाईट वाटलं. तू अशी काम करत होतीस, आन् मी तूप धाडत बसले.

त्या बाईकडं माझा नंबर लाव. डिंकच लावा म्हणावं. मलाबी एकदा नीट बघू दे, मी कसली सून आणली ती.

लोभ वाढू दे.
तुझी आत्या